यॉर्क पायी: आधी तट, मग गल्ल्या

इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये रस्त्याला ‘गेट’ म्हणतात आणि दरवाजाला ‘बार’. हे आधी डोक्यात पक्कं बसवून घ्या, कारण नकाशा हातात असूनही पहिल्या तासात लोक चुकतात ते इथेच. मिकलगेट हा दरवाजा नव्हे, तो ‘थोरला रस्ता’. त्याच्या तोंडाशी उभा असलेला दगडी दरवाजा म्हणजे मिकलगेट बार. हा ‘गेट’ वायकिंगांच्या भाषेतल्या ‘गाता’ या शब्दावरून आला, अर्थ वाट. ८६६ साली त्यांनी हे शहर घेतलं, ९५४ मध्ये त्यांचा शेवटचा राजा हाकलला गेला, पण रस्त्यांची नावं आजही त्यांच्याच बोलीत आहेत. ती वाचता आली की कोणत्या गल्लीत कोण काय करत होतं ते पाटीवरच कळतं. पुण्यात तांबट आळी म्हटल्यावर जसं वेगळं सांगावं लागत नाही, तसंच.

फिरण्याचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक लोक स्टेशनवरून थेट शॅम्बल्स ही प्रसिद्ध जुनी गल्ली गाठतात, तिथल्या गर्दीत तासभर घालवतात आणि मग उरलेलं शहर तुकड्यातुकड्यांत बघतात. त्यांना एकाच आकाराच्या जुन्या घरांची दाटी दिसते, शहराची रचना दिसत नाही. म्हणून आधी तटावर चढायचं. वरून रोमन छावणी कुठे संपते, मध्ययुगीन शहर कुठे फुगतं आणि नदी कुठे आडवी येते हे नजरेत भरतं. मग खाली उतरून गल्ल्यांत शिरलं की प्रत्येक वळणाला कारण सापडतं.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून जलद गाडीने साधारण दोन तास लागतात. १८७७ चं हे स्टेशन तटाच्या बाहेर आहे, त्यामुळे बाहेर पडताच समोर हिरव्या उतारावर पांढुरक्या दगडाचा तट दिसतो. तिथेच चढायचा मोह आवरा. हा पश्चिमेकडचा भाग दुपारनंतरचा आहे. तेव्हा सूर्य पाठीशी येतो आणि समोर मिन्स्टर या महाचर्चचा पश्चिम दर्शनी भाग उजळतो. सकाळी तेच चित्र उन्हाच्या विरुद्ध, काळपट दिसतं. त्यामुळे स्टेशनवरून डावीकडे वळून ऊझ नदीवरचा १८६३ चा लेंडल पूल ओलांडायचा आणि म्युझियम गार्डन्समध्ये शिरायचं. जाता जाता स्टेशनसमोरचा छोटा हिरवा तुकडाही बघा. १८३२ च्या पटकीच्या साथीत गेलेल्यांचे दगड तिथे आहेत. घाईतले प्रवासी त्याला साधी बाग समजून पुढे जातात.

बागेत मल्टॅंग्युलर टॉवर नावाचा बहुकोनी बुरूज आहे. तटाचा धडा इथे पाच मिनिटांत शिकून होतो. बुरुजाचा खालचा भाग लहान, सारख्या मापाच्या दगडांचा आणि मध्ये लाल विटांचा पट्टा: तो रोमन. वरचा भाग मोठ्या दगडांचा आणि त्यात बाण मारायच्या उभ्या फटी, म्हणजे आपल्या जंग्या: तो तेराव्या शतकातला. एकदा हा फरक डोळ्यांना कळला की पुढे दिवसभर दगडाच्या मापावरून काळ ओळखता येतो. इसवी सन ७१ मध्ये रोमनांच्या नवव्या लिजनने, म्हणजे सैन्यदलाने, इथे छावणी घातली, तिचं नाव एबोरॅकम. दोन रोमन सम्राट या शहरात वारले, २११ मध्ये सेप्टिमियस सेव्हेरस आणि ३०६ मध्ये कॉन्स्टॅन्शियस. दुसऱ्याचा मुलगा कॉन्स्टंटाइन याला सैन्याने इथेच सम्राट म्हणून पुकारलं.

बागेतून आर्ट गॅलरीच्या मागच्या बाजूने एक्झिबिशन स्क्वेअरमध्ये बाहेर पडता येतं. चौकातला पुतळा विल्यम एटी या चित्रकाराचा, पायाशी बूथम बारची छोटी प्रतिकृती आहे. १८०० मध्ये नगरपालिकेला सगळा तट पाडून टाकायचा होता. दरवाजांपुढचे जवळपास सगळे बाहेरचे कोट पाडले गेलेही. उरलेलं वाचलं त्यात एटीच्या धडपडीचा मोठा वाटा आहे, म्हणून चढण्याआधी या माणसाकडे एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं. याच चौकातून १९५१ पासून स्वयंसेवक वाटाडे विनामूल्य फेरी नेतात. दोन तासांची असते आणि उत्तम असते. मात्र ती तटाचा थोडाच भाग दाखवते, पूर्ण फेरी आपली आपणच करायची.

तटाची लांबी सुमारे ३.४ किलोमीटर. मधल्या तुटी धरून, न थांबता, पूर्ण फेरीला दोन तास पुरतात. थांबत गेलात तर तीन. तिकीट नाही. सकाळी ८ ला दरवाजे उघडतात, अंधार पडायच्या वेळी बंद होतात. यात डिसेंबरात फसगत होते, कारण तेव्हा चारच्या आधीच सूर्य मावळतो. दगडावर बर्फ किंवा दहिवर गोठलं असेल तर तट दिवसभर बंद राहतो. फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, बहुतेक ठिकाणी दोन माणसं जेमतेम एकमेकांना वाट देतील एवढी रुंद. बाहेरच्या बाजूला चर्या, म्हणजे दातेरी कठडा, आहे, पण आतल्या बाजूला काही भागांत कठडाच नाही आणि खाली तीनचार मीटरचा उतार किंवा सरळ भिंत. लहान मुलाचा हात सोडायचा नाही, आणि बाबागाडी न्यायचीच नाही. दरवाजांमधले जिने उभे आणि अरुंद आहेत. व्हीलचेअरला वाट नाही. कुत्र्यांना बंदी आहे, फक्त मदतनीस कुत्र्यांना सूट. पावसात छत्री उपयोगाची नाही, वर वारा असतो. टोपीचा रेनकोट हवा. बुटांचा तळवा खरखरीत असावा, कारण झिजलेला चुनखडी दगड ओला झाला की गुळगुळीत होतो.

बूथम बारवर चढून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने निघायचं. मंक बारपर्यंतचा हा तुकडा वीस मिनिटांचा आणि सगळ्या फेरीत सर्वांत सुंदर. उजव्या हाताला झाडी, बागा आणि त्यांच्यामागे मिन्स्टरची पूर्ण लांबी. इथे थांबून एक गोष्ट नीट बघा: मिन्स्टर तटाला समांतर नाही, चांगलंच तिरकं बसलं आहे. रोमन छावणीचं तोंड नैऋत्येला, नदीकडे होतं आणि तिचे रस्ते त्याच रोखाने आखलेले. चर्चला मात्र पूर्व-पश्चिम बसावं लागतं. त्यामुळे छावणीच्या मुख्यालयाच्या जागेवरच उभं राहूनही मिन्स्टर तिच्या चौकटीला छेद देतं. तुम्ही चालता ती भिंत मध्ययुगातली, पण ती ज्या मातीच्या बांधावर उभी आहे त्याच्या पोटात रोमन भिंत आहे. म्हणूनच रॉबिन हूड टॉवरपाशी तट एकदम काटकोनात वळतो. तो छावणीचा उत्तर कोपरा.

मंक बार हा सर्वांत उंच दरवाजा, चार मजली. वरून खाली सोडायचं जाळीदार दार, पोर्टकलिस, त्याच्या चक्रासकट शाबूत आहे. माथ्यावर हातात धोंडे घेतलेले दगडी शिपाई आहेत, ते खाली रस्त्यावरून नीट दिसतात. इथून पुढे थोडं गेलात की तटाच्या आतल्या बाजूला, पुष्कळ खाली, रोमन पूर्व कोपऱ्याचे अवशेष उघडे आहेत. बहुतेकांची नजर बाहेरच्या रहदारीकडे असते, म्हणून ते हुकतात. या जागेचं महत्त्व असं की इथे दोन शहरं एकमेकांपासून सुटतात: रोमन भिंत आत वळते आणि मध्ययुगीन तट सरळ फॉस नदीकडे पुढे जातो.

मग तट अचानक संपतो. लोक इथे गोंधळतात, परत फिरतात किंवा फेरी झाली असं समजतात. कारण साधं आहे. नॉर्मन काळात, म्हणजे अकराव्या शतकात, किल्ल्याच्या खंदकाला पाणी मिळावं म्हणून फॉस नदी अडवली, तिचं मोठं तळं झालं आणि ते ‘राजाचं मासळीचं तळं’ बनलं. त्या दलदलीतून शत्रू येणार नव्हता, तिथे भिंतीची गरजच नव्हती. आज तळं नाही, दुकानांच्या पत्र्याच्या शेडी आणि मोटारींचा रस्ता आहे. फॉस आयलंड्स रोडने नदी उजवीकडे ठेवून दहा मिनिटं चाला. पदपथात बसवलेल्या पितळी खुणा वाट दाखवतात. कंटाळवाणा तुकडा आहे, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

तट पुन्हा सुरू होतो तो रेड टॉवरपाशी, आणि हा बुरूज विटांचा आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी दगडी काम सोडून विटा लावायचं ठरलं तेव्हा पाथरवटांनी उघड विरोध केला. वाद एवढा पेटला की एका वीटकामगाराचा खून झाला. आरोप पाथरवटांवर आला, पण ते सुटले. पुढचा वॉल्मगेट बार मात्र वरून बघून पुढे जाऊ नका, खाली उतरून त्याच्यातून चालत बाहेर जा. दरवाजापुढचा बाहेरचा कोट, बार्बिकन, संपूर्ण इंग्लंडात नगराच्या दरवाजाला एवढा पूर्ण राहिलेला हा एकच. शत्रूने पहिलं दार फोडलं तरी तो दोन भिंतींच्या बोळात सापडायचा आणि वरून मारा व्हायचा. आपल्या गडांवर दरवाजापुढे भिंती वळवून जे साधलं, तेच इथे सरळ रेषेत साधलं आहे. ओकच्या जुन्या फळ्यांचं दार आणि त्यातला दिंडी दरवाजा जागेवर आहे. इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४४ च्या वेढ्यात, या दरवाजाने तोफा सोसल्या. आतल्या बाजूला खांबांवर उभं केलेलं लाकडी घर दिसतं, ते सोळाव्या शतकातलं.

तिथून फिशरगेट बार. १४८९ च्या बंडात तो जाळला, मग विटा भरून बंद केला, तो १८२७ पर्यंत बंद होता. जळून लालसर पडलेले दगड कमानीत अजून दिसतात. पुढे फिशरगेट टॉवरपाशी तट दुसऱ्यांदा तुटतो, आणि सकाळची चाल मी इथेच थांबवायला सांगेन. पलीकडे क्लिफर्ड्स टॉवर आहे.

हिरव्या टेकाडावर एकटा उभा असलेला हा बुरूज छायाचित्रांत फार देखणा दिसतो. टेकाड इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमने १०६८ मध्ये उभारलं, दगडी बुरूज तेराव्या शतकातला. त्याआधी इथे लाकडी बुरूज होता. १६ मार्च ११९० च्या रात्री शहरातल्या जमावापासून जीव वाचवायला सुमारे १५० ज्यू त्यात शिरले. बहुतेकांनी आत स्वतःच्या हाताने मरण पत्करलं. शरण आलेल्यांना जमावाने मारलं. पायथ्याशी त्यांच्या स्मरणाची पाटी आहे. आधी ती वाचा, मग पन्नासेक पायऱ्या चढा. २०२२ पासून आत लाकडी गच्ची झाली आहे, तिथून शहराचा माथा चहूबाजूंनी दिसतो.

आता गल्ल्या. कॅसलगेटवरून कॉपरगेटला या. कॉपरगेट म्हणजे तांब्याचा रस्ता नव्हे. ‘कॉपर’ म्हणजे चरकावर लाकडी कप आणि वाडगे कातणारा. १९७६ ते १९८१ मध्ये इथे उत्खनन झालं. ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीत एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू टिकल्या होत्या: लाकूड, चामडं, कापड, आणि कप कातताना उरलेले गाभेसुद्धा. रस्त्याचं नाव खरं ठरलं. त्याच जागेवर १९८४ पासून योर्विक हे वायकिंग काळातल्या शहराचं प्रदर्शन आहे. सुट्टीच्या दिवसांत आधी वेळ नोंदवली नाही तर रांगेत तास जातो.

पेव्हमेंट या रस्त्यावरून शॅम्बल्सला पोचता येतं. नाव मांसाच्या फळ्यांसाठीच्या जुन्या शब्दावरून आलं. ही खाटकांची गल्ली. १८७२ मध्येही इथे पंचवीसच्या आसपास खाटिक होते, आज एकही नाही. पण खिडक्यांखालच्या रुंद फळ्या आणि छपराखालचे लोखंडी आकडे राहिले आहेत. वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले आहेत, काही ठिकाणी दोन्हीकडची घरं एकमेकांना टेकतील की काय असं वाटतं. त्याने वर जागा वाढायची आणि खाली मांसावर ऊन यायचं नाही. रस्ता मध्ये खोलगट आहे. रक्त आणि पाणी वाहून जाण्यासाठी. हे सगळं दुपारी बाराला खांद्याला खांदा लागत असताना दिसत नाही. मुक्काम असेल तर सकाळी सातला या, एका दिवसासाठी आला असाल तर पाचनंतर. गल्लीच्या वरच्या अंगाला मार्गारेट क्लिदरोचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. कॅथलिक धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या आरोपावर बाजू मांडायला तिने नकार दिला, म्हणून १५८६ मध्ये तिला दगडांखाली चिरडून मारलं.

शॅम्बल्सहून किंग्ज स्क्वेअरला निघालात की तुम्ही रोमन छावणीच्या आग्नेय दरवाजात उभे असता. इथून सरळ बूथम बारपर्यंत जाणारा पीटरगेट हा छावणीचा आडवा रस्ता आणि त्याला काटकोनात येणारा स्टोनगेट हा नदीकडून मुख्यालयाला जाणारा. सकाळी वरून पाहिलेली चौकट आता पायांखाली येते.

मोठ्या रस्त्यांपेक्षा मधले बोळ जास्त बघण्यासारखे. १९८३ मध्ये मार्क जोन्स यांनी अशा वाटांसाठी तीन शब्द जोडून ‘स्निकलवे’ हा शब्द घडवला आणि शहराने तो आपलासा केला. फोनवरचा नकाशा इथे फार भरवशाचा नाही: उंच भिंतींमध्ये ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. भिंतीवरच्या छोट्या पाट्या बघत जा. माझ्या आवडीची जोडणी अशी: गुडरमगेटवर १३१६ ची लेडी रो ही घरांची बुटकी रांग, तिच्या शेजारच्या कमानीतून होली ट्रिनिटी चर्चचं आवार. रस्त्यावरून हे चर्च दिसतच नाही. आत प्रत्येक कुटुंबासाठी दार असलेले लाकडी खोके, म्हणजे बसायच्या बंदिस्त जागा, आणि खचून लाटेसारखी झालेली जमीन. मागच्या बाजूने हॉर्नपॉट लेनमधून पीटरगेटला निघायचं, पुढे स्टोनगेट. तिथे ३३ नंबरवर साखळीने बांधलेला लाल सैतान बसलेला दिसेल. छापखान्याच्या पोऱ्याला ‘सैतान’ म्हणत, त्याची ती खूण. त्याच्याखालून कॉफी यार्ड सुरू होतो. कमान ठेंगणी आहे, उंच माणसाने मान वाकवायची. बोळाच्या मध्यावर बार्ली हॉल लागतो, लाकडी चौकटीचं मध्ययुगीन घर, काचेतून आतली बैठक दिसते.

स्टोनगेटवरच्या विटांच्या किंवा गिलाव्याच्या सपाट दर्शनी भिंतींवर विश्वास ठेवू नका. अठराव्या शतकात जुन्या लाकडी घरांना नवे मुखवटे चढवले गेले. बाजूच्या बोळात शिरून घराची कूस बघा, तिरकी तुळई आणि वाकडं छप्पर खरं वय सांगतात.

मिन्स्टरला उशिरा जाऊन चालत नाही. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बऱ्याच आधी असतो आणि रविवारी दुपारपर्यंत पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून दोनच्या सुमारास आत असावं. मधल्या मनोऱ्याला २७५ पायऱ्या, वेळ नेमून दिलेली, आठ वर्षांखालच्या मुलांना बंदी. वारा जोराचा असेल तर चढण रद्द होते. गुडघे साथ देत नसतील तर हळहळू नका, तेवढ्या वेळात खाली उतरा, जमिनीखालच्या भागात. १९६७ मध्ये मनोऱ्याच्या पायाला धोका असल्याचं लक्षात आलं आणि पाच वर्षं पाया खोदून काँक्रीटने आवळला. तेव्हा रोमन मुख्यालयाच्या भिंती सापडल्या, त्या तशाच उघड्या ठेवल्या आहेत. वर पूर्वेची रंगीत काचेची महाखिडकी: १४०५ ते १४०८, कॉव्हेंट्रीचा जॉन थॉर्नटन, तीन वर्षांत पूर्ण. दुर्बीण असेल तर इथेच काढा, चेहरे खालून नुसत्या डोळ्यांना लागत नाहीत. मधल्या दालनाचं दगडी वाटणारं छत लाकडी आहे. रुंदी फार असल्याने दगडाचं वजन पेललं नसतं. त्याची किंमतही मोजावी लागली, १८४० मध्ये ते जळालं. दक्षिण बाजूचं छत १९८४ च्या जुलैत जळालं. पैसे वाचवायचे असतील तर संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला बसा. तिला तिकीट लागत नाही, फक्त शांत बसायचं आणि फिरायचं नाही.

दक्षिण दारासमोर १९६९ च्या खोदकामात सापडलेला रोमन खांब पुन्हा उभा केला आहे. तिथून स्टोनगेटने नदीकडे उतरा. ऊझ नदी हिवाळ्यात सहज काठ सोडते. २००० च्या नोव्हेंबरात ती नेहमीच्या पातळीपेक्षा ५.४ मीटर वर आली होती. किंग्ज स्टेथ या काठावरच्या पबमध्ये पुराच्या खुणा लिहिल्या आहेत. काठाची वाट पाण्याखाली असेल तर पुढे न जाता पुलावरून मिकलगेटला निघा. चढ आहे, पण रस्ता वळत वळत जातो आणि चढ जाणवत नाही.

मिकलगेट बार हा लंडनकडचा, राजेलोक येण्याचा दरवाजा. १४६० मध्ये यॉर्कचा ड्यूक रिचर्ड लढाईत पडला तेव्हा त्याचं शीर याच दरवाजावर लावलं होतं. इथे चढून उजवा हात, म्हणजे शहर, धरून उत्तरेकडे चला. पंधरा मिनिटांत तट स्टेशनच्या समोरून वळतो आणि वळणावर मिन्स्टर पूर्ण दिसतं, उन्हात पिवळसर. मिन्स्टरचा आणि तटाचा दगड एकच, टॅडकॅस्टरकडचा मॅग्नेशियमयुक्त चुनखडक, म्हणून संध्याकाळी दोन्ही एकाच रंगाचे होतात. तट लेंडल पुलापाशी, बार्कर टॉवरवर संपतो. तिथून स्टेशन पाच मिनिटांवर आहे.